सत्तेचाळीस नंबरचं इंटेल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून कुणाच्याही अंगावर हात टाकायचा नाही. निर्णय पक्का. ताईच्या गळ्याची शपथ घेतली. मनातच घेतली, कारण मोठ्याने घेतली की ती म्हणते, आधी माझा गळा सोड.

राग हे माझं बळ आहे, पण बळ जपून वापरावं. कॉलेजात ते जपून वापरलं नाही, म्हणून दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं. कॉलेजचं म्हणणं वेगळं आहे. लॅब असिस्टंटच्या नाकाचं त्याहून वेगळं.

दुपारी १.००

कुरियरवाल्याच्या कानफटात दिली. ही मारामारी धरायची नाही. एकच दिली, तीही डाव्या हाताने.

कारण होतं. आमच्या लॉन्ड्रीसमोरच्या दातांच्या दवाखान्यात पार्सल देऊन तो बाहेर आला तेव्हा हसत होता. दातांच्या दवाखान्यातून माणसं गाल धरून बाहेर येतात. हसत यायचं कारण काय? म्हणजे ती त्याच्याशी बोलली. त्याने हेल्मेट माझ्या कोपरावर हाणलं. मी पडलो ते मागे पायरी होती म्हणून.

तिचं नाव इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर तिची बदनामी नको. ती डॉक्टरच्या हाताखाली असते आणि दर गुरुवारी दवाखान्याचे एप्रन घेऊन दाजींच्या लॉन्ड्रीत येते, म्हणजे माझ्याकडे. काउंटर मी सांभाळतो. सात महिन्यांत आमचं बोलणं बरंच झालं. किती नग, कधी मिळतील, पावती. बाकीचं डोळ्यांनी. ते मुख्यतः माझ्याकडून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हादरलो.

मी मागे बॉयलरपाशी होतो तेव्हा ती येऊन गेली. इस्त्रीवाल्या मामांना म्हणाली, मामा, महिनाअखेरपर्यंतच मी तुमच्याकडे येणार, मग नाही. मामांनी हे मला दीड तासाने सांगितलं, तेही पँटची घडी घालता घालता. मी विचारलं, का येणार नाही? मामा म्हणाले, मी नाही विचारलं. परवा येईल तेव्हा तू विचार. तोंड आहे ना तुला?

विचारायचं कशाला? मुलगी महिनाअखेर जाते म्हणजे लग्न. हे शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न एवढाच की तो कोण. तो कोण हे कळलं की त्याचे दात घशात घालायचे, आणि मग तिला मोकळ्या मनाने सगळं सांगून टाकायचं. मुदत चोवीस दिवस.

(कुणाच्याही अंगावर हात टाकायचा नाही, यात शत्रू येत नाही.)

५ फेब्रुवारी, बुधवार

आज एक शब्द मिळाला. आयुष्याला दिशा देणारा.

मामा पंचवीस वर्षं फौजेच्या लॉन्ड्रीत होते. आज सांगत होते, साहेब लोक म्हणायचे, इंटेल काय आहे? म्हणजे इंटेलिजन्स. पण लढाईच्या धामधुमीत एवढा लांबलचक शब्द कोण उच्चारणार, म्हणून निम्माच. मी म्हटलं, मामा, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी ना? मामा म्हणाले, बुद्धी वेगळी. ती साहेबांकडे असायची किंवा नसायची. इंटेल म्हणजे शत्रूच्या गोटातली खबर. तो कुठे आहे, किती आहेत, कधी निघणार. एकदम दोनशे जादा गणवेश कडक इस्त्रीला आले की आम्ही ओळखायचो, उद्या कुणीतरी मोठा येतोय. ते आमचं इंटेल.

वापर असा: इंटेल आहे. इंटेल मिळालं. इंटेल पक्कं आहे. ‘मला इंटेल आहे’ असं नाही म्हणायचं, ते दुखण्यासारखं वाटतं.

दाजींना म्हटलं, धंद्यात इंटेल पाहिजे. दाजींना वाटलं कंप्युटरचा पार्ट. म्हणाले, काउंटरवरचा आहे तो आधी नीट चालव.

सेना आहे (मी). इंटेल नव्हतं. आता तेही होईल.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.२०

ती आली. मी काही विचारलं नाही. विचारलं की शत्रू सावध होतो. फक्त निरीक्षण केलं.

एक: अकरा एप्रन. दोन: डाव्या हाताच्या बोटांवर फोड, काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखे. तीन: पर्समधून एक छोटं पुस्तक डोकावत होतं. लाल त्रिकोण, लाल वर्तुळ, त्यात बाण. बहुधा भूमिती. लग्नाआधी भूमिती कशाला? नवरा शिक्षक असावा.

मी इतका वेळ निरीक्षण केलं की ती म्हणाली, पावती?

मागून मामा वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज करत होते. तो हसण्याचा होता की वाफेचा, ते कळलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.००

इंटेल मिळालं. हात भाजलेला आहे, त्याचं पुढे.

आमच्याकडे पद्धत अशी: नेहमीच्या गिऱ्हाइकाला एक नंबर. त्याच्या प्रत्येक कपड्यावर आत, कॉलरखाली किंवा कमरेपाशी, तो नंबर न जाणाऱ्या शाईने घालायचा. शंभर धुण्यांनी कापड विरतं, नंबर विरत नाही. दवाखान्याचा नंबर सत्तेचाळीस. मीच घातला, माझ्या अक्षरात. सातातली शेपटी जरा जास्त सुंदर काढलेली आहे.

आज धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात एक निळा शर्ट. पुरुषाचा. बेचाळीस साइझ. कॉलर उलटली. सत्तेचाळीस.

पुन्हा पाहिली. सत्तेचाळीस.

म्हणजे तिच्या एप्रनबरोबर त्याचा शर्ट. म्हणजे कपडे एकत्र धुवायला येण्याइतकी मजल गेली. तळपायाची आग मस्तकात गेली. मी मूठ आपटली. ती इस्त्रीच्या टेबलावर आपटली असती तर प्रश्न नव्हता, पण तिथे इस्त्री होती. कातडी सोललीच. मामांनी हात नळाखाली धरला आणि विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मामा म्हणाले, मग इतकं काही नाही झालं?

मामांनी शर्टाकडे पाहिलं. म्हणाले, हा शर्ट कुणाचा ते... मी त्यांना थांबवलं. सांगू नका म्हटलं. मी स्वतः शोधीन. मामा म्हणाले, अरे, मला ठाऊक आहे, तोंडाने सांगतो, दोन शब्दांचं काम. मी म्हटलं, मामा, दुसऱ्याने आयतं सांगितलेलं ती बातमी. स्वतः काढलेलं ते इंटेल. मामांनी बर्नॉल आणायला सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. मागच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर ठोसे मारण्याचा सराव. शंभर उजव्या हाताचे ठरवले होते. उजवा भाजलेला, म्हणून डाव्याने चाळीस. गठ्ठा ढिम्म हलला नाही, पण त्याला नाक नसतं.

ताई आली, म्हणाली, त्या धुतलेल्या चादरी आहेत. मी म्हटलं, तुला कळणार नाही. ती म्हणाली, मला कळतंय, सगळ्या परत धुवाव्या लागणार.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.३०

पहिला हल्ला. निकाल अनिर्णित.

बँकेसमोर निळा शर्ट दिसला. अंगाने जाड माणूस, शर्ट साधारण बेचाळीस. तो फोनवर म्हणत होता, हो गं, महिनाअखेरीस नक्की. अजून काय पाहिजे? मी सरळ जाऊन त्याच्या पोटात ठोसा घातला. तो वाकला. मी म्हटलं, तिचा नाद सोड. तो म्हणाला, कुणाचा? तेवढ्यात बँकेतून त्याच शर्टाचे तिघे बाहेर आले.

तो बँकेचा युनिफॉर्म आहे, हे इंटेल माझ्याकडे नव्हतं.

चौघांनी मिळून हाणलं. एकाने मानेवर कोपर घातलं, एकाने नडगीवर बुटाची टाच. उरलेले दोघे आळीपाळीने. मी एकदाही ओरडलो नाही. म्हणजे मोठ्याने नाही. खालचा ओठ आतून फाटला आहे. रक्त खारट लागतं, पण त्यात एक प्रकारचा मान आहे.

फोनवर त्याची आई होती, असं नंतर कळलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बँकेचे पडदे आमच्याकडे धुवायला येतात. यायचे.

दाजींनी मशीनमधून अर्धवट पिळलेली चादर काढली, तिला दोन पीळ दिले आणि माझ्या पाठीवर घातली. ओली चादर अंगावर बसते तेव्हा आवाज मोठा येतो आणि जिथे बसते तिथे बराच वेळ काही कळतच नाही. मग सगळं एकदम कळतं. पाच घातल्या. म्हणाले, तुझ्या बहिणीकडे बघून पाच, नाहीतर पंचवीस होत्या. मोठ्या मुश्किलीने गिऱ्हाइकं परत आणतोय मी एकेक करून, आणि तू हाकलत चाललायस.

मी उलटून हात टाकला नाही. इथे माझा निर्धार दिसून येतो. शिवाय दाजींनी चादर सहाव्यांदा उगारलेली होती.

मामांनी पाठीला तेल लावलं. म्हणाले, फौजेत एक नियम होता. एका खबरीवर गोळी चालवायची नाही. दोन बाजूंनी एकच गोष्ट कळली तर मगच. नाहीतर आपलीच माणसं मरतात. मी नियम वहीत लाल शाईने लिहून घेतला. चूक माझी नव्हती. खबर एकच होती.

आता दुसरी मिळवायची. सतरा दिवस उरले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८.१५

दुसरी मिळाली!!!

लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत हातगाडी लावत होतो. समोरून एक छोटी पांढरी गाडी आली. आत ती. शेजारी निळी बाही, खिडकीबाहेर काढलेली. माणूस नीट दिसला नाही, कारण मी गठ्ठ्यामागे बसलो होतो.

आणि गाडी कोण चालवत होतं? ती! त्याने आपली गाडी तिच्या हाती दिली. इतका विश्वास. गाडी इतकी हळू चालली होती की शेजारून एक म्हातारा काठी टेकत पुढे निघून गेला. कुठेही पोचायची घाई नव्हती दोघांना. वळणावर गाडी दोनदा थांबली, दोनदा धक्का देऊन निघाली. तो तिच्याकडे झुकून काहीतरी समजावत होता. ती हसली.

टपावर कसलीशी पिवळी पाटी होती. वाचली नाही. इंटेल गोळा करताना फालतू तपशील गाळायचे असतात.

११.३०

ती एप्रन घेऊन आली. तेच हसू अजून चेहऱ्यावर. मी पावती फाडताना तीन पावत्या एकदम फाडल्या. ती म्हणाली, आज तुम्ही रागात दिसता. म्हणजे तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शनिवारी मिळतील.

नंतर मामा चिडले. म्हणाले, ती स्वतःहून बोलत होती, घोडा पाण्यापाशी आणून उभा केला होता. मी म्हटलं, मामा, धीर धरा, ऑपरेशन चालू आहे. मामा म्हणाले, गाडीचंही मला ठाऊक आहे, त्या निळ्या शर्टाचंही ठाऊक आहे. मी कानात बोटं घातली. वयाने मोठा माणूस आहे, पण त्यांचा तिच्याशी संपर्क आहे. असा सोर्स फुटलेला समजतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाळत ठेवली. शुक्रवार, शनिवार, दोन्ही दिवस सकाळी साडेसातला तीच गाडी, तीच गल्ली, तीच निळी बाही. माणसाला एकच शर्ट असावा असं वाटतं. म्हणजे गरीब आहे. गरिबासाठी मला सोडते? की एकसारखे पाच आहेत? म्हणजे श्रीमंत आहे. दोन्ही बाजूंनी राग आला.

आज गाडी मागे जाताना कचऱ्याच्या डब्याला धडकली. तो रागावला नाही. नुसता हात वर करून म्हणाला असावा, असू दे. प्रेमात माणूस किती खालच्या थराला जातो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्या.

आराखडा: गाडी वळणावर थांबतेच थांबते. हातगाडी आडवी. त्याच्या बाजूचं दार उघडायचं. दोन ठोसे नाकावर, एक बरगडीत. तो पळाला की तिला खिडकीतून सगळं सांगायचं. भाषण तयार आहे. साडेतीन मिनिटांचं. आरशासमोर तीनदा म्हटलं, दोनदा डोळ्यात पाणी आलं.

तोवर ओळख पटू नये म्हणून तोंडावर उशीचा अभ्रा. दोन भोकं पाडली. अभ्रा एकशेतीन नंबरचा आहे, त्यांना सांगू उंदराने कुरतडला.

ताईने विचारलं, आज इतका शांत का आहेस? मला बरं नाही वाटत तू शांत असलास की.

१९ फेब्रुवारी, बुधवार. वेळ माहीत नाही

बोलता येत नाही. लिहिता येतं. म्हणून काल काय झालं ते शांतपणे आणि निःपक्षपातीपणे लिहितो.

साडेसातला दबा धरला. सात चाळीसला गाडी आली. हातगाडी आडवी घातली. गाडी थांबली. इथपर्यंत सगळं आराखड्याप्रमाणे.

दार उघडलं. निळी बाही धरून ओढली आणि ठोसा घातला. अभ्र्याची भोकं तेवढ्यात सरकून एक कानावर, एक कपाळावर गेलं, त्यामुळे पुढचं सगळं अंदाजाने. दुसरा ठोसा नक्की नाकावर बसला, कारण खाली काहीतरी मऊ मोडलं आणि हाताला गरम लागलं. काच फुटल्याचा आवाज, तो चष्मा होता. तिसरा बरगडीत. माणूस सीटबेल्टमध्ये अडकलेला, त्यामुळे पडत नव्हता, प्रत्येक ठोशाला मागे जाऊन परत येत होता. मी चौथाही घातला. तो आराखड्यात नव्हता.

ती किंचाळली, मास्तर! मास्तर!

म्हटलं, नवऱ्याला मास्तर का म्हणते?

विचार करायला थांबलो, हीच चूक. पलीकडचं दार उघडल्याचा आवाज झाला. चपलांचा आवाज गाडीला वळसा घालून आला. अभ्रा सरळ करायला मान वर केली, आणि भोकातून एक क्षण तिचा चेहरा दिसला, आणि तिच्या दोन्ही हातांत धरलेला स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा.

मग कट्.

आवाज बाहेरून नाही, डोक्याच्या आतून आला. सुकं लाकूड मोडावं तसा. जीभ दातांमध्ये सापडली. मी गटाराच्या झाकणावर आडवा झालो. दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसरा घालायला तिने दांडा उचलला तेव्हा धडपडीत अभ्रा निघाला आणि ती थांबली. म्हणाली, हा तर लॉन्ड्रीतला!

तिचा हात इतका चालतो, हे इंटेल मला कुणीच दिलं नव्हतं.

भाषणाला सुरुवात केली. आवाज असा आला की तिने पुन्हा दांडा उचलला.

अभ्रा थंड पाण्यात भिजत घातलाय. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जबड्याचं हाड दोन ठिकाणी तडकलं आहे. जवळचा दवाखाना समोरचाच. दाजींनी मला खांद्यावर टाकून रस्ता ओलांडला. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना घट्ट बांधले. चार आठवडे तोंड उघडणार नाही.

हाताखाली तीच होती. चाळीस मिनिटं तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर. आमची आजवरची सर्वात मोठी भेट. ती एकच वाक्य बोलली, तार बांधायच्या आधी. आ कर. आणखी मोठा. लाळ ओढायची नळी ती जरा जास्तच रोवून धरत होती असं वाटलं. नळीच तशी असेल.

दाजींनी आज खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. मला कानांत बोटं घालता आली नाहीत, कारण उजव्या हाताला पट्टी आहे आणि डावा खांदा वर जात नाही.

निळा शर्ट ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा. वय अठ्ठावन्न. दोन नातवंडं. ते दाजींचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक, नंबर सत्तेचाळीस. गेल्या वर्षी मी त्यांची पँट जाळली आणि ते बोलले म्हणून मी त्यांना हँगर फेकून मारला, तेव्हा ते गेले. त्यांचा नंबर मोकळा झाला, तो मी दवाखान्याला दिला. दाजी तीनदा त्यांच्या घरी जाऊन हात जोडून आले, तेव्हा कुठे या महिन्यात ते परत आले. नवीन नंबर एकशेबारा. तो पावतीवर आहे, शर्टावर कागदी चिठ्ठी होती, तीही सुटली असेल. पण कॉलरमध्ये जुना सत्तेचाळीस तसाच. दाजी म्हणाले, ती शाई जात नाही, हे साऱ्या जगात आपल्याला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? अक्षर तरी बघायचंस गाढवा, सातला शेपटी कुठे होती?

शेपटी नव्हती. आता आठवतंय.

ती गाडी शिकत होती. दातांचा फिरता दवाखाना निघतोय, मोठी व्हॅन, गावोगाव जाणारी. तिला तिथे नोकरी लागली आहे, पण अट एकच, व्हॅन चालवता आली पाहिजे. मंगळवारी, पंचवीसला, टेस्ट. पास झाली तर महिनाअखेर रुजू. नापास झाली तर नोकरी दुसऱ्याला. आणि शिकवणारा नाक फुटून घरी पडलाय.

लग्न नाही. कुणाशीच नाही.

मास्तर पोलिसांत गेले नाहीत, कारण दाजींनी त्यांचे पाय धरले. दाजी कुणाच्या पाया पडल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी उशीत ओरडलो. तार असल्यामुळे आवाज नाकातून आला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई सगळं मिक्सरमधून काढून नळीने देते. शिव्या मात्र अख्ख्या देते.

संताप अनावर झाला. दुपारी आरसा फोडला. कुणावर राग, ते ठरलेलं नव्हतं, पण आरशात जो होता तोच सापडला. तीन टाके. आता दोन्ही हात पट्टीत. वही तोंडाने धरता येत नाही, म्हणून गुडघ्यावर.

काहीतरी भरपाई केली पाहिजे. मी तिला गाडी शिकवू शकतो असा निरोप मामांबरोबर पाठवला, चिठ्ठीवर. मामांनी चिठ्ठी वाचली. म्हणाले, तुला येते गाडी? नाही. पण मी आडवा येऊ शकतो, सरावासाठी. मामांनी चिठ्ठी इस्त्रीखाली ठेवून सरळ केली आणि परत दिली. देणार नाही म्हणाले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२.००

मास्तर नाकाला चिकटपट्टी लावून, डोळे काळेनिळे, तरी तिच्याबरोबर टेस्टला गेले. सोमवारी दिवसभर सराव करून घेतला म्हणे. मामांनी सांगितलं. आता मी सांगू देतो.

पास. पहिल्याच फेरीत. इन्स्पेक्टरने विचारलं, समोर अचानक कुणी आलं तर? तिने कचकन ब्रेक दाबून दाखवला, हँडब्रेक ओढला, आणि दांड्याकडे हात नेला. इन्स्पेक्टर म्हणाला, पुरे, पुरे.

यात माझा वाटा आहे. कुणी कबूल करणार नाही.

संध्याकाळी मास्तरांचे कपडे आले. दाजी म्हणाले, जन्मभर फुकट. मी स्वतः धुतले. कॉलरीला हात लावला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.४०

ती आली. शेवटची. आज एप्रन न्यायला, द्यायला नाही.

अकरा नग मोजले. मी पावती पुढे केली. ती गेली नाही. म्हणाली, मला एकच सांग. मास्तरांनी तुझं काय वाकडं केलं होतं? पँटचा राग एक वर्ष धरलास? अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बांधलेल्या जागी चार ठोसे?

मी दातांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, ती तार मीच धरली होती, माहितेय मला. लिही. आणि पावतीबुक फिरवून माझ्यापुढे केलं, वर पेन्सिल ठेवली.

साडेतीन मिनिटांचं भाषण पाठ होतं. समोर कोरी पावती. मागे मामांची इस्त्री थांबली होती. ड्रायरही नेमका तेव्हाच बंद पडला.

पट्टीच्या हातात पेन्सिल धरली. लिहिलं: चुकीचं इंटेल.

तिने वाचलं. मामांना म्हणाली, इंटेल म्हणजे काय हो?

मामांनी इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाले, फौजेतला शब्द आहे पोरी. शत्रूबद्दलची खबर. तो कुठे जातो, काय करतो. त्याला सरळ विचारता येत नाही ना, म्हणून लपूनछपून काढायची.

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, सात महिने दर गुरुवारी इथे उभी राहिले, या काउंटरला हात टेकून. मी काय शत्रू होते?

मी मान हलवली. नाही म्हणून. जबड्यातून कळ मस्तकात गेली, डोळ्यांत पाणी आलं. तिला ते दुखण्याचं वाटलं. म्हणाली, जास्त हलवू नकोस, हाड सरकेल. तीन आठवड्यांनी तार ढिली करून घे, नवी मुलगी येणार आहे, तिला सांगून ठेवलंय.

मग एप्रन उचलले आणि गेली. रस्ता ओलांडताना तिने दोन्हीकडे पाहिलं, माझ्याकडची बाजू धरून. पण ते गाड्यांसाठी होतं.

मामांनी इस्त्री पुन्हा उचलली. ते बोलले असते तर बरं झालं असतं, कुणावर तरी संतापता आलं असतं.

तसा पराभव म्हणता येणार नाही. तिच्याबद्दल मला आता सगळं ठाऊक आहे. आणि माझ्याबद्दल तिला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. नावसुद्धा.